पुरुषांची वाढलेली छाती: चरबी की ग्रंथी?

‘जोर मार, छाती उतरेल’ हा सल्ला जिममध्ये सर्रास मिळतो. नुसती चरबी असेल तर वजन घटल्यावर फरक पडतोही. पण स्तनाग्रामागची ग्रंथीच वाढली असेल, म्हणजे गायनेकोमॅस्टिया असेल, तर जोर मारून खालचा स्नायू तेवढा भरतो आणि ग्रंथी आणखी पुढे दिसते.

उताणं झोपून अंगठा आणि तर्जनी दोन बाजूंनी स्तनाग्राकडे सरकवा. मध्ये चिवट, गोल चकती लागली तर ग्रंथी. बोटं अडथळ्याशिवाय स्तनाग्रापाशी पोचली तर चरबी. गाठ एका बाजूला, कडक, कातडीला चिकटलेली असेल किंवा स्तनाग्रातून रक्त येत असेल तर मॅमोग्राफी आणि बायोप्सीला उशीर नको. स्तनाचा कर्करोग पुरुषांनाही होतो.

पुरुषाच्या शरीरातही इस्ट्रोजेन असतं. अरोमाटेझ नावाचं विकर (एन्झाइम) ते टेस्टोस्टेरॉनपासूनच बनवतं, आणि हे विकर चरबीतही असतं. इस्ट्रोजेन ग्रंथी वाढवतं, टेस्टोस्टेरॉन तिला आवरतं. दोघांचं प्रमाण बिघडलं की वाढ सुरू. पहिल्या काही महिन्यांत ग्रंथीतल्या नलिकांच्या पेशी वाढतात, भोवतालची ऊती सुजते, हात लावला तरी दुखतं. इस्ट्रोजेन पेशीला जिथे चिकटतं ती ग्राहीवरची (रिसेप्टरवरची) जागा अडवणारं टॅमॉक्सिफेन हे औषध (रोज 10 ते 20 मिलिग्रॅम, 3 ते 6 महिने) इथेच उपयोगी पडतं. साधारण वर्षभरानंतर नलिका थंडावतात आणि त्यांच्याभोवती कोलॅजेनचे तंतू जमतात. हे तंतू इस्ट्रोजेनवर जगत नाहीत, त्यामुळे इस्ट्रोजेन अडवूनही काही हाती लागत नाही. अरोमाटेझच बंद पाडणारं अ‍ॅनास्ट्रोझोल तर्काने सरस ठरायला हवं होतं; किशोरवयीन मुलांवरच्या चाचणीत ते नुसत्या साखरेच्या गोळीपेक्षा सरस ठरलं नाही. टॅमॉक्सिफेनने रक्ताच्या गुठळ्या होऊ शकतात, म्हणून ते मनाने घेऊ नये. छाती ‘वितळवणाऱ्या’ तेलांबद्दल न बोललेलंच बरं.

तेरा-चौदाव्या वर्षी आलेली वाढ बहुतेकदा 6 महिने ते 2 वर्षांत आपसूक ओसरते. मोठ्या वयात आधी कारण शोधावं: स्पायरोनोलॅक्टोन (रक्तदाब-हृदयविकाराचं औषध), फिनास्टेराइड (केसगळती-प्रोस्टेटचं औषध), जिममधली स्टेरॉइडं, यकृताचा सिरोसिस. वृषणातली गाठही हे घडवते, म्हणून फक्त छाती तपासणं पुरेसं नाही.

जुन्या ग्रंथीला शस्त्रक्रियाच. अ‍ॅड्रेनलिन आणि लिग्नोकेन (रक्तस्राव आणि वेदना कमी करणारी औषधं) मिसळलेलं सलाइन भरून लायपोसक्शनने चरबी ओढतात. मग स्तनाग्राभोवतीच्या काळसर वर्तुळाच्या खालच्या कडेवर अर्धगोल छेद घेऊन ग्रंथी काढतात. ती पॅथॉलॉजीला पाठवलीच पाहिजे. नंतर काही आठवडे घट्ट बनियन घालायचं. सर्वांत जास्त त्रास आत रक्त साठण्याचा. जाहिरातीतली ‘डाग न राहणारी’ शस्त्रक्रिया नसते. डाग वर्तुळाच्या कडेत लपतो, इतकंच. ग्रंथी मुळापासून खरवडली तर स्तनाग्र बशीसारखं आत बसतं, म्हणून त्यामागे साधारण सेंटिमीटरभर जाडीची चकती ठेवतात. त्यातही ग्रंथी असतेच. पुन्हा स्टेरॉइडची इंजेक्शनं सुरू केली तर ती तिथूनच वाढू शकते.