हस्तिदंती बाळ येशूमागचे छापील कागद

डोंगराच्या माथ्यावर एक मूल बसलंय. डोळे मिटलेले, बोटं गालाला टेकलेली, पायावर पाय. खांद्यावर एक कोकरू, मांडीवर दुसरं. खाली कारंजं, आणि तळाच्या गुहेत पुस्तक घेऊन आडवी झालेली येशूची शिष्या मग्दालीया मरीया. सतराव्या शतकात गोव्यात घडलेला हा हस्तिदंती ‘उत्तम मेंढपाळ’, म्हणजे मेंढपाळाच्या रूपातला बाळ येशू. त्याची मुद्रा पाहून अनेकांना ध्यानस्थ बुद्ध आठवतो. साम्य आहे खरं, पण सगळं श्रेय त्यालाच देणं घाईचं ठरेल.

पोर्तुगीजांनी १५१०मध्ये गोवा घेतलं आणि चर्च, मठ झपाट्याने उभे राहिले. मूर्ती लागत होत्याच. हत्तीचा दात मुख्यतः पूर्व आफ्रिकेतून यायचा, कोरणारे हात इथलेच, त्यांतले बरेच हिंदू. ख्रिस्ती प्रतिमांचं काम बिगरख्रिस्ती कारागिरांना देऊ नये, असं १५६७च्या गोव्यातल्या धर्मपरिषदेने ठरवलं. असं ठरवावं लागलं यातच सगळं आलं!

या कारागिरांपुढे नमुना म्हणून असायची ती छापील चित्रं. अँटवर्पच्या वीरिक्स बंधूंसारख्यांची धार्मिक चित्रं स्वस्त आणि वजनाला हलकी, त्यामुळे मिशनऱ्यांच्या सामानातून ती जगभर गेली. पण कागदावर मूर्तीची पाठ दिसत नाही. ती कारागिरानेच कल्पायची. दाताचीही अट असे: त्याच्या बाकाप्रमाणे मूर्ती किंचित कलते, आणि क्रुसावरच्या येशूचे पसरलेले हात वेगळे कोरून जोडावे लागतात.

हे गोव्यापुरतं नव्हतं. श्रीलंकेतल्या कोट्टेच्या राजाने १५४०च्या दशकात लिस्बनला हस्तिदंती पेटी भेट पाठवली. तिथल्याच दुसऱ्या एका पेटीवर जर्मन चित्रकार ड्यूररच्या १५१४च्या छापील चित्रातला बॅगपाइपवाला दिसतो. फिलिपिन्समधल्या मनिलात चिनी कारागीर हेच काम करत. तिथले बिशप साल्याझार यांनी १५९०मध्ये त्यांच्या हस्तिदंती बाळ येशूंची तोंडभर स्तुती केली. तिथून हा माल गॅलियन नावाच्या मोठ्या स्पॅनिश जहाजांनी मेक्सिकोला जाई. १६०१मध्ये प्रशांत महासागरातल्या मारियाना बेटांजवळ बुडालेल्या ‘सांता मार्गारिता’ या अशाच जहाजाच्या अवशेषांतूनही हस्तिदंती मूर्ती निघाल्या.

त्यामुळे मूर्ती कुठली हे ओळखताना नुसती रचना फारशी कामाला येत नाही, कारण मूळ चित्रं सगळीकडे सारखीच. मग पापण्या, केसांच्या बटा, वस्त्राच्या चुण्या बघाव्या लागतात. जुन्या गोव्यात सांता मोनिका मठातल्या ख्रिस्ती कला संग्रहालयात हे जवळून पाहता येतं.