जोन्स, एव्हन

(२९ डिसेंबर १९२७ – २०२३). जमैकन कवी, पटकथाकार व कादंबरीकार. जमैकाच्या पूर्व टोकाकडील पोर्टलंड परगण्यात केळीच्या मळेवाल्याच्या कुटुंबात जन्म. आई क्वेकर या शांततावादी ख्रिस्ती पंथाची. शिक्षण जमैकातील मन्रो कॉलेज, अमेरिकेतील हॅव्हरफर्ड कॉलेज व ऑक्सफर्डचे वॉडम कॉलेज येथे. १९४९ च्या सुमारास क्वेकर सेवासंस्थेतर्फे त्यांनी गाझातील पॅलेस्टिनी निर्वासितांमध्ये काम केले. १९५६ मध्ये ते इंग्लंडला आले आणि ‘द विडोज ऑफ जाफा’ (१९५७) हे निर्वासितांवरील नाटक त्यांनी बीबीसीसाठी लिहिले.

कवी म्हणून त्यांची कीर्ती मुख्यतः ‘द साँग ऑफ द बनाना मॅन’ या जमैकन बोलीतील कवितेवर उभी आहे. ती साधारणतः १९५० च्या दशकाच्या पूर्वार्धातील मानली जाते. बाजारात भेटलेल्या गोऱ्या पर्यटकाला केळीवाला आपली डोंगरउतारावरची दहा एकर जमीन, गाढव, नारळ, कोनफळाची लागवड आणि ‘ग्रो मिशेल’ व ‘लाकातान’ या केळीच्या दोन जाती ताठ मानेने सांगतो. हे दोन जातींचे एकत्र येणे लक्षणीय आहे. केळीवरील पनामा या बुरशीजन्य रोगाने ग्रो मिशेल मागे पडून जमैकात रोगाला दाद न देणाऱ्या लाकातानचा प्रसार होण्याच्या संक्रमणकाळाशी ते जुळते, आणि असा तपशील मळ्यात वाढलेल्या कवीलाच सहज सुचावा. ‘लमेंट ऑफ द बनाना मॅन’मध्ये हाच माणूस लंडनच्या भुयारी रेल्वेत गणवेश घालून तिकिटे तपासतो, इंग्लंडला तो कंटाळला आहे, पण परतण्याची वाट उरलेली नाही. पहिली कविता अधिक लोकप्रिय असली, तरी स्थलांतरिताची कोंडी दुसरीत अधिक खोलवर उमटली आहे.

साम्यवादी असल्याच्या संशयावरून हॉलिवुडने काम नाकारलेल्यांच्या काळ्या यादीमुळे अमेरिकेतून बाहेर पडलेले दिग्दर्शक जोझेफ लोझी यांच्यासाठी त्यांनी ‘इव्हा’, ‘द डॅम्ड’, ‘किंग अँड कंट्री’ (१९६४) व ‘मॉडेस्टी ब्लेझ’ (१९६६) या चित्रपटांचे लेखन केले. पैकी ‘द डॅम्ड’चे चित्रीकरण १९६१ मधील, प्रदर्शन मात्र १९६३ मधील असल्याने त्याच्या कालनिर्देशात फरक आढळतो. श्रेयनामावलीत एकट्या जोन्स यांचे नाव असले, तरी पहिला आराखडा पटकथाकार बेन बार्झमन यांचा होता. चित्रीकरण तोंडावर आले असता जोन्स यांनी पटकथा नव्याने लिहिली, हे मत अधिक ग्राह्य वाटते.

‘मॅडहाउस ऑन कॅसल स्ट्रीट’ (बीबीसी, जानेवारी १९६३) या त्यांच्या दूरचित्रवाणी नाटकात अमेरिकन गायक बॉब डिलन होते. डिलन यांच्यासाठी योजलेली भूमिका ऐनवेळी विभागली गेली. संवाद अभिनेते डेव्हिड वॉर्नर यांच्याकडे गेले आणि डिलन यांच्याकडे मुख्यतः गाणी राहिली. बीबीसीने १९६८ मध्ये हे चित्रमुद्रण पुसून टाकले, ही दूरचित्रवाणी नाटकाची मोठीच हानी होय. त्यांची पटकथा असलेला ऑस्ट्रेलियन चित्रपट ‘वेक इन फ्राइट’ (१९७१) मात्र वाचला : त्याची मूळ निगेटिव्ह नष्ट करण्यासाठी बाजूला काढलेल्या सामानात पिट्सबर्ग येथे सापडली आणि २००९ मध्ये चित्रपट कान महोत्सवात पुन्हा दाखवला गेला.

‘फ्युनरल इन बर्लिन’ (१९६६) व ‘एस्केप टू व्हिक्टरी’ (१९८१, सहलेखन) या त्यांच्या इतर पटकथा. ‘द फाइट अगेन्स्ट स्लेव्हरी’ (१९७५) या बीबीसी मालिकेत त्यांनी गुलामगिरीच्या उच्चाटनाचा इतिहास मांडला. ‘स्टोन हेवन’ (१९९३) ही त्यांची जमैकाच्या पार्श्वभूमीवरील कादंबरी.