आउटबोर्ड यंत्र : इंधनपुरवठ्यातील दोष

बोटीच्या मागच्या फळीला बाहेरून अडकवलेल्या यंत्राला टाकीतून पेट्रोल अखंड न मिळाल्यास ते सुरू होत नाही, वेग वाढवताच गळपटते किंवा काही मिनिटे चालून बंद पडते. या बिघाडांचा तपास हा प्रस्तुत नोंदीचा विषय आहे. पुणे परिसरात अशी यंत्रे पानशेत, पवना यांसारख्या जलाशयांवरील बोटींवर आणि पूरबचाव पथकांच्या हवा भरून फुगवायच्या बोटींवर असतात.

यंत्राच्या जनकत्वाविषयी एकमत नाही. गुस्ताव्ह त्रूव्हे यांनी १८८१ मध्ये पॅरिस येथे सेन नदीत काढता येणारी मोटर बोटीला लावून चालवली. मात्र ती विजेवरची होती. पेट्रोलवरील यंत्रांची थोडीफार निर्मिती अमेरिकेत १८९६ च्या सुमारास झाल्याचे मानतात. कॅमेरॉन वॉटरमन यांचे यंत्र साधारण १९०५ चे, तर ओले एव्हिनरूड यांच्या यंत्राची विक्री १९०९ पासूनची. लोकप्रिय लेखनात एव्हिनरूड यांना जनक म्हटले जाते. कालक्रम पाहता त्यांना यशस्वी प्रसारक म्हणणे अधिक सयुक्तिक ठरते. आरंभीच्या यंत्रांत टाकी यंत्रावरच असे आणि पेट्रोल वजनानेच खाली उतरे. दुसऱ्या महायुद्धानंतर टाकी वेगळी होऊन बोटीच्या तळाशी आली. तेव्हापासून नळी, जोड आणि पंप ही दोषांची नवी ठिकाणे निर्माण झाली.

आज पेट्रोल टाकीतून नळी, हाताने दाबायचा रबरी गोळा, गाळणी व पंप या मार्गाने कार्बोरेटरात, म्हणजे पेट्रोल व हवा यांचे मिश्रण करणाऱ्या भागात, पोहोचते. तपासात सर्वाधिक माहिती गोळ्यावरून मिळते. त्यावरील बाण यंत्राच्या दिशेने हवा. दाबूनही गोळा घट्ट होत नसेल, तर टाकी रिकामी आहे, जोडातील ओ-रिंग (गळती रोखणारे रबरी कडे) हवा ओढते आहे किंवा गोळ्यातील झडप निकामी झाली आहे. यंत्र चालू असताना गोळा आत चपटा ओढला जात असेल, तर अडथळा टाकीच्या बाजूला असतो. बहुतेक वेळा झाकणावरील हवेचा स्क्रूच उघडायचा राहिलेला असतो. गोळा घट्ट असूनही यंत्र उपाशी राहिल्यास गाळणी, कार्बोरेटरची अडकलेली सुई (पेट्रोलची वाट उघडझाप करणारी) किंवा तुंबलेला जेट (पेट्रोल मोजून सोडणारे बारीक छिद्र) पाहावा. यंत्र मंदावताच गोळा दाबल्यावर ते सावरले, तर पंपावर संशय घ्यावा. टू-स्ट्रोक यंत्रात (ज्यात वंगणतेल पेट्रोलमध्येच मिसळतात) पंपाचा पडदा क्रँककेसमधील, म्हणजे दट्ट्याखालील बंद पोकळीतील, दाबाच्या चढउतारावर हलतो. तो फाटला की पेट्रोल थेट क्रँककेसमध्ये शिरू शकते. हे सर्व पाहण्याआधीच कार्बोरेटर खोलण्याची सवय मात्र सोडायला हवी; तिच्यामुळे चांगले जेट बिघडतात. कार्बोरेटरऐवजी दाबाने पेट्रोल फवारणाऱ्या इंजेक्शनच्या यंत्रांत उच्चदाब पंप असल्याने दाबमापकाशिवाय निदान करू नये.

साठलेल्या पेट्रोलच्या दोषांविषयी दोन मते आढळतात. एक मत सारा दोष पेट्रोलमध्ये मिसळलेल्या इथेनॉल या अल्कोहोलला देते, दुसरे जुन्या पेट्रोलच्या चिकट साक्याला. दोन्ही कारणे खरी आहेत. तथापि पावसाळी दमट हवेत अर्धवट भरलेल्या टाकीबाबत पहिल्याकडे आधी लक्ष द्यावे. इथेनॉल हवेतील ओलावा शोषते. पाणी मर्यादेबाहेर गेले की इथेनॉल व पाण्याचा थर वेगळा होऊन तळाशी बसतो आणि टाकीची शोषणनळी नेमकी तेथूनच ओढते. टू-स्ट्रोकचे वंगणतेल वरच्या पेट्रोलमध्ये राहते, त्यामुळे खालचा थर आत गेल्यास यंत्राला वंगणही मिळत नाही. भारतात वीस टक्के इथेनॉलयुक्त पेट्रोलची विक्री २०२३ मध्ये सुरू झाली. संशय असल्यास टाकीच्या तळाचे पेट्रोल काचेच्या बाटलीत काढून थर दिसतात का ते पाहावे.

बचावपथकांच्या यंत्रांना हे विशेष लागू पडते. जुलै २०२४ मध्ये खडकवासला धरणातून मुठा नदीत मोठा विसर्ग झाल्यावर पुण्यात सिंहगड रस्त्यावरील एकतानगरीत बोटी उतरवाव्या लागल्या. असे यंत्र एरवी महिनोन्‌महिने स्वस्थ असते आणि हाक आल्यावर पहिल्याच ओढीला सुरू व्हावे लागते, कारण पाण्यात अडकलेली माणसे वाट पाहत असतात. म्हणून ते ठेवताना कार्बोरेटरची पेट्रोल साठणारी वाटी रिकामी करावी, पावसाळ्यापूर्वी ताजे पेट्रोल भरावे आणि यंत्राचा खालचा भाग पाण्याच्या पिंपात बुडवून ते चालवून पाहावे. कोरडे चालवल्यास यंत्र थंड ठेवणारे पाणी खेचणारा रबरी इंपेलर (पात्यांचे चाक) खराब होतो.

पुण्याची उंची समुद्रसपाटीपासून सुमारे ५६० मी. आहे. विरळ हवेमुळे कार्बोरेटरच्या यंत्राची शक्ती किंचित घटते व मिश्रण थोडे गडद होते, म्हणजे त्यात हवेच्या मानाने पेट्रोल जास्त होते. त्यासाठी जेट बदलण्याची गरज सहसा पडत नाही.