डिझेलला मेण आणि रबर यांतला फरक कळत नाही

उन्हाळ्यात जळगाव-भुसावळकडे एखाद्या गाडीचं बॉनेट उघडलं, की आत पिवळट-तपकिरी, चिकट काहीतरी ओघळलेलं दिसतं. मालकाला वाटतं, ऑइल गळतंय. गॅरेजवाला फडकं फिरवून म्हणतो, "डिझेल मारून देऊ का, भो? चकाचक होईल." पहिल्याचं निदान बहुधा चुकलेलं असतं आणि दुसऱ्याचा उपाय तर नक्कीच.

ऑइल एका जागेवरून सुटतं आणि खाली ओघळतं. हा थर मात्र बोल्टांवर, ॲल्युमिनियमच्या भागांवर, पत्र्याच्या सांध्यांवर, म्हणजे जिथे ऑइल पोचूच शकत नाही तिथेही असतो. सकाळी गार असताना नखाने खरवडावं. पापुद्रा निघाला, तर ते मेण. काही कंपन्या, विशेषतः युरोपातल्या, कारखान्यातच त्याचा फवारा मारतात. समुद्रप्रवासातली खारी हवा आणि तिकडे हिवाळ्यात रस्त्यांवर टाकतात ते मीठ, या दोघांपासून धातूला वाचवायला. तापी सुरतेजवळ समुद्राला मिळते खरी, पण खारा वारा काही तिच्या पात्रातून उलटा भुसावळला येत नाही. आपल्याकडे त्रास उन्हाचा. पॅराफिन मेण प्रकारानुसार साधारण ४६ ते ६८ अंश सेल्सिअसला वितळतं. मे महिन्यात इथे सावलीतच पारा ४५ ओलांडतो, बॉनेटखालचं तर विचारूच नका. मऊ झालेल्या थरावर काळ्या मातीची धूळ बसते, जिनिंगच्या हंगामात रुईचे तंतूही चिकटतात.

आता हे पाण्याने का निघत नाही? शेतातून नुकताच वेचलेला कापूस पाण्यावर टाकून बघा, तरंगत राहतो. दवाखान्यातला कापूस लगेच भिजून बुडतो. कच्च्या तंतूवर वजनाच्या जेमतेम एक टक्का नैसर्गिक मेण असतं, तेवढंच पाण्याला अडवतं. कॉस्टिक सोड्यात उकळून ते काढलं, की तोच तंतू पाणी पितो.

पाण्याचे रेणू हायड्रोजन बंधांनी एकमेकांना घट्ट धरून असतात. मेणाचा रेणू म्हणजे वीस ते चाळीस कार्बन अणूंची साखळी, तिला पाण्याला देण्यासारखं काही नाही. या साखळ्या एकमेकींना धरतात ते एका फार क्षीण ओढीने. इलेक्ट्रॉन सतत हलत असल्यामुळे रेणूत क्षणभर विद्युतभाराचा असमतोल होतो आणि शेजारच्या रेणूतही तो उमटतो. भौतिकशास्त्रज्ञ फ्रिट्झ लंडन यांनी १९३० मध्ये पुंजयामिकीतून (क्वांटम मेकॅनिक्स) याचा खुलासा केला. एका जागची ओढ नगण्य, पण साखळीच्या सगळ्या लांबीवर बेरीज झाली की मेण घन होतं.

द्रवाचे रेणू एकमेकांना किती धरून आहेत, याचा एक आकडा काढता येतो. रेणू सुटे करायला दर घनफळाला लागणाऱ्या ऊर्जेचं ते वर्गमूळ. अमेरिकी रसायनशास्त्रज्ञ जोएल हिल्डब्रँड यांची ही देणगी. पाण्याचा आकडा सुमारे ४८, रॉकेल-डिझेलसारख्यांचा १५-१६, मेणाचाही त्याच घरात (एकक आहे मेगापास्कलचं वर्गमूळ, ते सोडून द्या). आकडे जवळ असले, की मिसळायला ऊर्जेची फारशी किंमत पडत नाही आणि एन्ट्रॉपी, म्हणजे रेणूंची आपोआप विखरून मिसळण्याची प्रवृत्ती, आपलं काम करून घेते. म्हणून डिझेलने मेण निघतं, यात गॅरेजवाल्याचं चुकत नाही.

गोम पुढे आहे. कूलंटचे होज पाइप बहुधा ईपीडीएम रबराचे असतात. त्याचा आकडाही १६ च्या आसपास. डिझेल ज्या ओढीने मेणात शिरतं, त्याच ओढीने या रबरात शिरतं. रबराच्या साखळ्या एकमेकींना जोडलेल्या असल्यामुळे ते विरघळत नाही, फुगतं आणि ढिलं पडतं. इंधनाच्या नळ्यांना काही होत नाही, कारण त्यात मुद्दाम नायट्राइल रबर वापरतात. त्याचा आकडा २० च्या आसपास असल्यामुळे डिझेलशी जमत नाही.

शिवाय मेण जुनं झालं, की हवेतल्या ऑक्सिजनने काही साखळ्या एकमेकींत अडकतात. असा थर विरघळत नाही, नुसता फुगतो. द्रावकाला आत झिरपायला वेळ द्यावा लागतो आणि तो वेळ जाडीच्या वर्गाप्रमाणे वाढतो. दुप्पट जाड थर, चौपट वेळ. घाई केली की गडी तारेचा ब्रश घेतो आणि रंगच काढतो.

रॉकेल आणखी वाईट. सुमारे ३८ अंशांना त्याची वाफ ठिणगीने पेट घेऊ शकते, आणि मे महिन्यात आपली दुपारच त्याच्या वर असते. पेट्रोलचं तर नावच काढू नका.

त्यापेक्षा पाण्यात मिसळणारा डीग्रीझर, म्हणजे चिकट-तेलकट थर काढणारा द्रव, बरा. त्याच्या रेणूची शेपटी मेणात रुतते, डोकं पाण्यात राहतं आणि सुटलेला कण पुन्हा चिकटत नाही. काहींत लिंबूवर्गीय सालीतलं लिमोनीन असतं. बंपरला टांगलेल्या लिंबाचा नजरेवर शून्य परिणाम होतो, सालीतल्या तेलाचा मेणावर चांगला होतो. मात्र तेही हायड्रोकार्बनच, रबरावर मुरू देऊ नये. बाटलीवर 'नॅनो' लिहिलंय म्हणून दुप्पट पैसे देऊ नका.

इंजिन कोमट असावं, तापलेलं नको. बॅटरीची ऋण तार काढावी, अल्टरनेटर, फ्यूज बॉक्स आणि हवेचं तोंड प्लास्टिकने झाकावं. प्रेशरचा पाइप तिथे नकोच. थर अखंड असेल, तर माझ्या मते हात लावू नये. तडकलेला मात्र काढावा, कारण त्याच्याखाली ओल अडकते. उघडे पडलेले बोल्ट मृगाआधी नव्या मेणाने झाकावेत, फवारा बेल्ट आणि सायलेन्सरच्या नळीपासून लांब ठेवून.