आयओएमएमयू डोमेन

कर्नलने (ऑपरेटिंग सिस्टिमच्या गाभ्याने) एखाद्या हार्डवेअर उपकरणाला मेमरीचा किती भाग खुला ठेवायचा, हे ठरवणारी पेज टेबले (कोणता पत्ता मेमरीच्या कोणत्या पानाकडे जातो याच्या नोंदी) आणि त्यांनी बनणारे स्वतंत्र पत्ता-क्षेत्र म्हणजे आयओएमएमयू डोमेन. नेटवर्क कार्ड किंवा डिस्क कंट्रोलर डीएमएने, म्हणजे प्रोसेसरला मध्ये न घेता, थेट मेमरीत लिहितात. त्या वाटेवर प्रोसेसरच्या पेज टेबलांचा पहारा नसतो. तो पहारा आयओएमएमयू, म्हणजे उपकरण आणि मेमरी यांच्यामध्ये बसून पत्ते बदलणारे हार्डवेअर, करते. इंटेलचे व्हीटी-डी आणि आर्मचे एसएमएमयू ही त्याची परिचित रूपे.

ड्रायव्हरने बफर मॅप केला की लिनक्स कर्नल डोमेनमध्ये एक आभासी पत्ता राखून तोच उपकरणाला देतो. मॅप न केलेल्या पत्त्यावर उपकरण गेले तर व्यवहार अडवला जातो आणि कर्नल लॉगमध्ये फॉल्टची नोंद उमटते. मात्र हे संरक्षण पानाच्या मापाने मिळते. पान 4 केबीचे आणि बफर 2 केबीचा असेल, तर त्याच पानावरचा उरलेला डेटाही उपकरणाला दिसतो. ‘आयडेंटिटी’ प्रकारच्या डोमेनमध्ये तर पत्ते जसेच्या तसे जातात. वेग राहतो, पहारा नावापुरताच.

डोमेन साधारणपणे एकट्या उपकरणाला नव्हे, तर आयओएमएमयू ग्रुपला, म्हणजे एकमेकांपासून वेगळी काढता न येणाऱ्या उपकरणांच्या गटाला, जोडले जाते. एसीएस (उपकरणांचा आपसातला थेट व्यवहार रोखणारी सोय) नसलेल्या पीसीआय एक्सप्रेस स्विचखालची उपकरणे आयओएमएमयूला वळसा घालून आपसात बोलू शकतात, म्हणून त्यांना वेगळे मानणे धोक्याचे. ग्राफिक्स कार्ड व्हर्च्युअल मशीनला देताना त्याच ग्रुपमधला ऑडिओ भागही होस्टच्या (मूळ यंत्राच्या) ड्रायव्हरकडून सोडवावा लागतो, तो यामुळेच.

खरी ओढाताण अनमॅप करताना होते. टेबलातली नोंद पुसली तरी आयओटीएलबी या कॅशमध्ये जुना पत्ता शिल्लक राहतो. स्ट्रिक्ट पद्धतीत तो लगेच काढतात, पण दर पॅकेटला हे करणे महाग पडते. लेझी पद्धतीत अशा नोंदी साठवून एकदम काढतात; तेवढा वेळ उपकरणाला परत घेतलेल्या मेमरीत शिरता येते. बाहेरून जोडलेल्या, अविश्वासू ठरवलेल्या उपकरणांना लिनक्स ही सवलत देत नाही, आणि ते योग्यच आहे.

व्हर्च्युअल मशीनसाठीचे डोमेन व्हीएफआयओ या लिनक्समधल्या, उपकरण थेट व्हर्च्युअल मशीनच्या हाती देणाऱ्या यंत्रणेमार्फत हाताळले जाते. ही सोय 2012 मध्ये लिनक्स 3.6 मध्ये आली. बहुतेक उपकरणांना पेज फॉल्ट झाल्यावर थांबून पुन्हा प्रयत्न करता येत नाही, त्यामुळे पाहुण्या (व्हर्च्युअल) मशीनची मेमरी सहसा पिन करून, म्हणजे जागची हलणार नाही अशी, ठेवतात आणि होस्टला ती स्वॅपमध्ये (डिस्कवर) ढकलता येत नाही.