म्युझिकलची फेरमांडणी

एका नाट्यगृहासाठी बसवलेले म्युझिकल वेगळ्या आकाराच्या नाट्यगृहात नेताना त्याचे नेपथ्य, नटांच्या हालचाली, नृत्ये, प्रकाश, ध्वनी आणि वादकांची जागा नव्याने ठरवण्याचे काम म्हणजे फेरमांडणी. संहिता आणि गाणी बहुतांशी तीच राहतात, दिग्दर्शकही बहुधा तोच असतो. बदलते ते प्रेक्षक आणि नट यांच्यातले अंतर आणि पाहण्याचा कोन. न्यूयॉर्कमध्ये हा प्रश्न सतत उभा राहतो, कारण तिथली अनेक म्युझिकल आधी ऑफ-ब्रॉडवेच्या लहान जागांत होतात आणि लोकांनी उचलून धरली तर ब्रॉडवेवर, म्हणजे शहरातल्या मोठ्या व्यावसायिक नाट्यगृहांत, जातात. ब्रॉडवेत 41 नाट्यगृहे मोडतात आणि त्यांतली जवळजवळ सगळी कमानी रंगमंचाची आहेत. ठळक अपवाद दोन: लिंकन सेंटरमधले व्हिव्हियन बोमाँट, जिथे मंच प्रेक्षागृहात पुढे आलेला आहे, आणि 50व्या रस्त्यावर जमिनीखाली असलेले सर्कल इन द स्क्वेअर, जिथे मंचाच्या चारही बाजूंना प्रेक्षक बसू शकतात.

काय बदलते

कमानी रंगमंचावर सगळे प्रेक्षक एकाच बाजूला असतात. मागे फ्लॅट (रंगवलेल्या उभ्या चौकटी) आणि पडदे, बाजूला विंगा, पुढे खड्ड्यात वादक. गाणारा नट समोर तोंड करतो, नर्तकांची रांगही समोर तोंड करते. ही समोरची बाजू इतकी सवयीची झालेली असते की ती नाहीशी होईपर्यंत तिच्यावर किती गोष्टी टेकलेल्या आहेत हे जाणवत नाही.

प्रेक्षक चारही बाजूंना आले की भिंत उभारता येत नाही, कारण तिच्यामागे बसलेल्यांना काहीच दिसणार नाही. नेपथ्य मग जमिनीवर उतरते किंवा छताला टांगले जाते. फरशीचा रंग आणि पोत, फरशीतून वर येणारे सापळे (ट्रॅप, म्हणजे सामान वर-खाली नेणारी फरशीतली दारे) आणि वरून सोडलेले दिवे हेच घर, हाच रस्ता. नटाची पाठ सतत कुणाकडे तरी असतेच, म्हणून एका गाण्याच्या अवधीत त्याला सगळ्यांना वाटेकरी करून घ्यावे लागते. हे फिरणे गाण्याच्या अर्थातून आलेले नसेल तर नट उगाच येरझारा घालतो आहे असे दिसते. फेरमांडणी फसते ती बहुतेकदा इथेच.

नृत्याची अडचण आणखी बारीक आहे. कमानी रंगमंचाच्या पुढच्या कडेला मध्यरेषेपासून दोन्हीकडे आकडे लिहिलेले असतात आणि प्रत्येक नर्तकाला आपला आकडा पाठ असतो. गोल मंचावर, म्हणजे चारही बाजूंना प्रेक्षक असलेल्या मंचावर, हे आकडे निकामी होतात. तिथे दिशा घड्याळावरून सांगायची पद्धत आहे: बाराकडून आत या, चारकडे वळा. नेहमीच्या नर्तकाला आपली एकच वाट पुन्हा शिकावी लागते. स्विंगचे हाल जास्त. पाच-सहा जणांच्या जागी आयत्या वेळी उभे राहणे हेच त्याचे काम असते, त्यामुळे त्याला त्या सगळ्यांच्या वाटा नव्याने शिकाव्या लागतात.

प्रकाशयोजनाकाराचा समोरचा स्पॉट गोल मंचावर पलीकडच्या प्रेक्षकांच्या डोळ्यांत जातो, म्हणून दिवे उभ्या कोनात घ्यावे लागतात. ध्वनीच्या बाबतीत, कमानीच्या दोन बाजूंच्या मोठ्या स्पीकरांऐवजी लहान स्पीकर चौफेर लावून त्यांना सूक्ष्म उशीर द्यावा लागतो. तसे केले तरच आवाज छतातून न येता नटाच्या तोंडून आल्यासारखा वाटतो. नटांना संगीत संचालक दिसावा म्हणून व्हिडिओचे पडदे प्रेक्षागृहात अनेक ठिकाणी बसवले जातात.

‘फन होम’

कमानी मांडणीतून गोल मंचावर जाण्याचे बारकाईने अभ्यासण्याजोगे उदाहरण ‘फन होम’ हेच म्हणावे लागेल. ॲलिसन बेक्डेल यांच्या 2006 साली आलेल्या चित्ररूप आत्मकथनावर ते आधारलेले आहे. संगीत जनीन टेसोरी यांचे, संहिता आणि गीते लीझा क्रॉन यांची, दिग्दर्शन सॅम गोल्ड यांचे, नेपथ्य डेव्हिड झिन यांचे. पेनसिल्व्हेनियातल्या एका लहान गावात राहणारे वडील शाळेत शिकवतात, अंत्यविधीचे घरचे दुकान चालवतात, जुने घर ध्यास घेऊन सजवतात आणि आपली समलैंगिकता लपवून ठेवतात. मुलीला स्वतःची ओळख पटते त्याच सुमारास ते ट्रकखाली जातात. ही गोष्ट तीन वयांच्या ॲलिसन सांगतात: लहान, कॉलेजातली आणि त्रेचाळीस वर्षांची. यातली तिसरी जवळजवळ पूर्ण वेळ मंचावर असते, चित्रे काढते, आठवते, पाहते.

पब्लिक थिएटरच्या 299 आसनांच्या न्यूमन रंगमंचावर 22 ऑक्टोबर 2013 रोजी या नाटकाचा शुभारंभ झाला. तिथे प्रेक्षक समोर होते आणि घराच्या खोल्या फिरत्या मंचावर येत-जात. ब्रॉडवेला जाताना मिळाले ते सर्कल इन द स्क्वेअर, आसने 700हून अधिक आणि मांडणी चौफेर. 19 एप्रिल 2015 रोजी तिथे पहिला अधिकृत प्रयोग झाला.

जुना सेट कापून-जोडून गोल मंचावर बसवायचा प्रयत्न गोल्ड आणि झिन यांनी केला नाही. त्यांनी फरशीतले सापळे वापरले. टेबल, खुर्च्या, पियानो, सगळा संसार जमिनीतून वर येतो आणि काम झाले की जमिनीत जातो. आठवणीचे नाटक असल्याने हे अगदी चपखल बसते: वस्तू विंगेतून ढकलत आणलेली दिसत नाही, ॲलिसनला ती आठवली म्हणून ती तिथे उगवते. सर्कलमधल्या रांगा चांगल्याच चढत्या आहेत, त्यामुळे प्रेक्षक फरशीकडे वरून पाहतो. बेक्डेल यांच्या पुस्तकात नकाशे येतात, आणि इथे सगळे घरच नकाशासारखे पायाखाली पसरलेले दिसते.

दोन गाण्यांपाशी थांबायला हवे. ‘रिंग ऑफ कीज’मध्ये लहान ॲलिसन वडिलांबरोबर एका खानावळीत बसलेली असते. माल पोचवायला आलेली, आखूड केसांची, कमरेला किल्ल्यांचा जुडगा लावलेली एक बाई तिला दिसते आणि आपल्यासारखे कुणीतरी जगात आहे हे तिला पहिल्यांदा कळते. ती बाई मंचावर येतच नाही. कमानी मांडणीत मुलीची नजर प्रेक्षकांच्या डोक्यावरून अंधारात जाते. गोल मंचावर असा रिकामा अंधार नाही. ती जिकडे पाहील तिकडे कुणाचा तरी चेहरा आहे, आणि त्या रांगेतल्या माणसाला क्षणभर आपणच ती बाई आहोत असे वाटू शकते. गाण्याचा एक शब्दही न बदलता गाणे बदलते.

‘टेलिफोन वायर’मध्ये बाप-लेक गाडीतून फेरी मारायला जातात आणि कॉलेजातल्या ॲलिसनच्या जागी मोठी ॲलिसन येऊन बसते. बोलायचे आहे ते शेवटपर्यंत कुणी बोलत नाही. शेजारी शेजारी, समोर बघत बसलेली दोन माणसे कमानी मंचावरून सगळ्यांना सारखीच दिसतात. चौफेर मांडणीत काहींना बापाचा चेहरा जवळून दिसतो, काहींना लेकीचा, आणि मागच्यांना दोघांच्या नुसत्या पाठी. कुणालाच सगळे दिसत नाही, आणि त्या प्रवेशाचा विषयही नेमका तोच आहे.

या निर्मितीला सर्वोत्कृष्ट म्युझिकल आणि दिग्दर्शन यांसह ब्रॉडवेच्या नाटकांसाठीचे 5 टोनी पुरस्कार मिळाले. सप्टेंबर 2016 मध्ये ब्रॉडवेवरचे प्रयोग थांबले आणि त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये क्लीव्हलंडहून दौरा सुरू झाला. दौऱ्यातली नाट्यगृहे कमानी रंगमंचाची असल्याने तिसऱ्यांदा मांडणी करणे आले.

कमानीत वर्तुळ घालणे: ‘ग्रेट कॉमेट’

याच्या उलटा मार्ग रेचल चॅवकिन यांनी डेव्ह मॅलॉय यांच्या ‘नताशा, पिएर अँड द ग्रेट कॉमेट ऑफ 1812’साठी घेतला. टॉलस्टॉयच्या ‘युद्ध आणि शांती’मधल्या एका भागावरचे हे म्युझिकल 2012 साली ‘आर्स नोव्हा’च्या 87 आसनांच्या जागेत रशियन मद्यगृहाच्या थाटात झाले: नट टेबलांमधून फिरणारे, प्रेक्षकांच्या पुढ्यात खाणेपिणे. 2013 मध्ये त्यासाठी ‘काझिनो’ नावाचा तंबूच उभारला गेला. मग 2015च्या अखेरीस केंब्रिजच्या अमेरिकन रेपर्टरी थिएटरमध्ये नेहमीच्या नाट्यगृहात ते कसे बसेल हे अजमावून पाहिले, आणि नोव्हेंबर 2016 मध्ये ते ब्रॉडवेच्या इम्पीरियलमध्ये आले. इम्पीरियल हे 1923 सालचे, कमानी रंगमंचाचे, चौदाशेच्या घरातले मोठे नाट्यगृह.

नेपथ्यकार मिमी लिएन यांनी कमान जवळजवळ पुसूनच टाकली. सुमारे 200 प्रेक्षक मंचावर बसवले, प्रेक्षागृहातून वळणदार वाटा आणि जिने काढून वरच्या मजल्यापर्यंत नेले, भिंती लाल मखमलीने आणि तसबिरींनी झाकल्या. प्रवेशाच्या मार्गाला काँक्रीटच्या बंकरचे रूप दिले, म्हणजे रस्त्यावरून आलेला माणूस त्या करड्या बोळातून एकदम लाल दिवाणखान्यात येतो. वादक एका खड्ड्यात न बसता नाट्यगृहभर विखुरले. नेपथ्य आणि प्रकाश (ब्रॅडली किंग) यांना टोनी मिळाले. तरीही 87 जणांच्या खोलीत नट हाताच्या अंतरावर असतो आणि हजारावर लोकांत तो धावत जवळून जातो, यांतला फरक कितीही जिने बांधले तरी पुरता बुजत नाही. लिएन यांनी त्याच्या बदल्यात भव्यता दिली, आणि ती अस्सल होती. खेळ 3 सप्टेंबर 2017 रोजी बंद झाला.

चॅवकिन यांनीच अनाईस मिचेल यांचे ‘हेडीजटाऊन’ 2016 मध्ये न्यूयॉर्क थिएटर वर्कशॉपमध्ये लाकडी, गोलसर प्रेक्षागृहात बसवले होते. ते 2017 मध्ये एडमंटन, 2018 मध्ये लंडनच्या नॅशनल थिएटरचा ऑलिव्हिए रंगमंच आणि 2019 मध्ये ब्रॉडवेचे वॉल्टर कर असा प्रवास करत पोचले. या प्रवासात संहिताही बदलत गेली. वॉल्टर करच्या कमानीत रेचल हॉक यांनी न्यू ऑर्लिन्सच्या जुन्या संगीतघराची आठवण देणारी जागा उभारली. समोरून पाहिले तरी वर्तुळाची जाणीव टिकावी म्हणून जमीन फिरती ठेवली आणि वादक मंचावरच बसवले. कमान मोडण्यापेक्षा हा मार्ग स्वस्त पडतो आणि माझ्या मते जास्त टिकाऊही ठरतो.

आसने आणि पैसा

नाट्यगृहाचा आकार बदलायला पैसा लागतो आणि त्यातून आसने कमी होतात. हॅरल्ड प्रिन्स यांनी ‘कँडिड’ 1973 मध्ये ब्रुकलिनच्या चेल्सी थिएटर सेंटरमध्ये प्रेक्षकांच्या मधून, आजूबाजूने आणि वरून फिरवत बसवले. नेपथ्य युजीन ली यांचे होते. 1974 मध्ये ते ब्रॉडवे थिएटरमध्ये नेताना आतली आसने उखडून उतार, पूल आणि लहान-मोठे मंच उभारले गेले. प्रयोग 740 झाले, समीक्षकांनी डोक्यावर घेतले, आणि तरी निर्मात्यांचे पैसे निघाले नाहीत. 1982 मध्ये प्रिन्स यांनीच न्यूयॉर्क सिटी ऑपेरासाठी ते मोठ्या कमानी मंचावर नव्याने बसवले.

त्याच ब्रॉडवे थिएटरमध्ये 2023 साली ‘हिअर लाइज लव्ह’साठी खालच्या मजल्यावरची आसने काढून नाचघराची फरशी केली. पब्लिक थिएटरमध्ये 2013 साली प्रेक्षक उभे राहून, सरकत्या मंचांबरोबर हलत ते पाहत असत, आणि तेच इथे हवे होते. जागा बदलली की करारही बदलतात: आधी ध्वनिमुद्रित साथीवर चाललेल्या या खेळाला ब्रॉडवेवर वादक संघटनेशी वाटाघाटी करून 12 वादक घ्यावे लागले. जुलैत उघडलेला खेळ नोव्हेंबरअखेर बंद पडला.

काही खेळांना हा जाच होत नाही. ‘अ कोरस लाइन’ 1975 मध्ये न्यूमनहून ब्रॉडवेच्या शुबर्टला गेले तेव्हा त्याच्याजवळ होते काय? जमिनीवर एक पांढरी रेघ, मागे आरसे, आणि समोर तोंड करून उभे नर्तक. समोर उभे राहणे हाच त्याचा विषय, म्हणून कमान त्याला मानवली. उलट, डॅनियल फिश यांच्या ‘ओक्लाहोमा!’ची जादू एका उजळलेल्या सभागृहात सगळ्यांनी एकत्र बसण्यात होती. 2019 मध्ये सर्कल इन द स्क्वेअरमध्ये टेबलांवर चिली नावाचा तिखट रस्सा शिजत असे आणि मध्यंतरात तो प्रेक्षकांना वाढला जाई. हाच खेळ पुढे दौऱ्यावर मोठ्या कमानी नाट्यगृहांत गेला. त्यातला मिट्ट अंधारातला प्रवेश कुठल्याही आकारात नेता येतो. शिजणाऱ्या जेवणाचा वास मात्र वरच्या बाल्कनीपर्यंत पोचवता येत नाही.

मराठी रंगभूमी

मराठी व्यावसायिक नाटक आज दादरच्या शिवाजी मंदिरात, उद्या ठाण्याच्या गडकरी रंगायतनमध्ये, परवा पुण्याच्या बालगंधर्वला असते. ही सगळी नाट्यगृहे कमानी घडणीची असल्यामुळे दुपारी सेट लावताना रुंदी-खोलीची तडजोड होते, आकाराची नाही. आकाराला न जुमानणारी मांडणी पाहायची तर 1972 साली पुण्यात जब्बार पटेल यांनी बसवलेले ‘घाशीराम कोतवाल’ पाहावे. त्यात गाणाऱ्या-नाचणाऱ्या ब्राह्मणांची रांगच पडदा होते, भिंत होते, वाडा होते. माणसांची ती भिंत 1980 मध्ये युरोपच्या दौऱ्यावर गेली, तेव्हा तिच्यासाठी फ्लॅट वाहून न्यावे लागले नाहीत.

हक्क

अमेरिकेतल्या दिग्दर्शकांची आणि नृत्यदिग्दर्शकांची संघटना मांडणीला त्यांची मालमत्ता मानते. म्हणून मूळ संच हलवला जातो तेव्हा फेरमांडणी मूळ दिग्दर्शकाकडे किंवा त्याने नेमलेल्या सहायकाकडे जाते. महाविद्यालये आणि हौशी संस्था प्रयोगाचे हक्क विकत घेतात तेव्हा त्यांना संहिता आणि स्वरलिपी मिळते, मूळ मांडणी मिळत नाही. ‘फन होम’ करू पाहणाऱ्या अशा संस्थेकडे फरशीत सापळे नसतात, फिरता मंचही बहुधा नसतो, आणि तीन ॲलिसन कुठे उभ्या राहतील हे तिला आपल्या सभागृहाकडे पाहूनच ठरवावे लागते.