चेन ताणत नाही, झिजते

सायकलची चेन सैल पडून लोंबायला लागली की ‘चेन ताणली’ असं आपण सर्रास म्हणतो. खरं तर पायाच्या जोराने तिच्या पोलादी पट्ट्या लांबत नाहीत. लांबी वाढते ती सांध्यांत. प्रत्येक सांध्यात एक पिन असते आणि तिच्याभोवती मोकळा फिरणारा रोलर. कडी दात्यावर चढताना आणि उतरताना ती पिन आतल्या आत थोडीशी फिरते. तिथे धुळीचा बारीक कण शिरला की दर फेऱ्याला धातू घासला जातो.

ही झीज डोळ्यांना दिसत नाही. जवळपास सगळ्या सायकलींच्या चेनमध्ये शेजारच्या दोन पिनांमधलं अंतर १२.७ मिमी, म्हणजे अर्धा इंच असतं. प्रत्येक सांधा फक्त ०.१ मिमीने, म्हणजे वहीच्या एका कागदाच्या जाडीइतका सैल झाला, तरी ११० सांध्यांच्या चेनची लांबी ११ मिमीने वाढते. मग कड्या दात्यांच्या मुळाशी न बसता वर सरकतात, सगळा जोर एकदोन दात्यांवर येतो आणि दाते हुकासारखे वाकडे झिजतात. अशा फ्रीव्हीलवर, म्हणजे मागच्या चाकाच्या दातेरी चक्रावर, नवी चेन चढवली तर जोर लावताच ती दात्यांवरून सटकते. वेळेवर चेन बदलली की फ्रीव्हील वाचतं, ते यामुळेच.

झीज मोजायला साधा मोजायचा टेप पुरतो. मागचा ब्रेक दाबून पॅडलवर हलका जोर द्या, म्हणजे चेनची वरची बाजू ताठ राहील. टेपचं पत्र्याचं टोक थोडं हलतं, म्हणून मोजणी १०० मिमीच्या रेघेपासून करा. ती रेघ एका पिनच्या डाव्या कडेला लावा आणि ती पिन न मोजता तिथून चोविसाव्या पिनची डावी कड कुठे येते ते बघा. नव्या चेनमध्ये ती ४०४.८ मिमीवर येते. ४०७ वर आली तर झीज पाऊण टक्क्याच्या आसपास आहे, आता नवी चेन आणावी. अकरा-बारा गिअरच्या बारीक चेनला इतकी सूट देऊ नका, ती ४०६.३ लाच बदला. बिनगिअरच्या सायकलीची चेन ४०८ पर्यंत चालवायला हरकत नाही.

आता तेलाविषयी, कारण सगळ्यात जास्त चुका इथेच होतात. मळलेल्या चेनवर वरून तेल ओतलं की तेल आणि धूळ मिळून काळा लगदा होतो. तो पॉलिश पेपरसारखं काम करतो. म्हणून आधी सफाई. जुना टूथब्रश रॉकेलमध्ये बुडवून चेनच्या चारही बाजू घासा, फडक्यात धरून पॅडल उलटं फिरवा आणि फडकं काळं व्हायचं थांबेपर्यंत हे करत राहा. पेट्रोल मात्र वापरू नका, त्याची वाफ ठिणगीने पेटते. मग चेन पूर्ण वाळू द्या. सांध्यात रॉकेल उरलं तर ते नवं तेल पातळ करतं.

तेल घालताना चेनच्या खालच्या बाजूला, आतल्या अंगाने, प्रत्येक रोलरवर एकच थेंब टाका. ११० थेंब म्हणजे जेमतेम एक चहाचा चमचा, तेवढं संपूर्ण चेनला पुरतं. पट्ट्यांमधली फट इतकी अरुंद असते की पातळ तेल केशाकर्षणाने आपोआप आत ओढलं जातं. घट्ट ग्रीस तिथपर्यंत पोचतच नाही. पॅडल पन्नासेक वेळा उलटं फिरवा, रात्रभर राहू द्या आणि सकाळी बाहेरचं सगळं तेल कोरड्या फडक्याने पुसून काढा. चेन हाताला जवळजवळ कोरडी लागली पाहिजे, तेल हवं ते आत. खाद्यतेल नको. हवेशी संयोग होऊन ते चिकट होतं आणि सांधे जखडतात. गंज सोडवायचा स्प्रेही नको. तो आतलं वंगण धुऊन काढतो आणि स्वतः लवकर उडून जातो.

बिनगिअरच्या सायकलीची चेन वारंवार उतरत असेल तर खालच्या बाजूच्या मध्यावर बोटाने वरखाली करून बघा. एकूण १० ते १५ मिमी हलली पाहिजे. जास्त हलत असेल तर मागच्या चाकाचे नट सैल करून चाक मागे ओढा आणि दोन्ही नट आलटूनपालटून आवळा, नाहीतर चाक तिरकं बसतं. क्रँक, म्हणजे पॅडलचा दांडा, एकदा पूर्ण फिरवा. चेन जिथे सगळ्यात ताठ होते तिथेही थोडी ढील राहिली पाहिजे. ती नसेल तर हबमधल्या, म्हणजे चाकाच्या मधल्या भागातल्या, छर्‍यांवर नको तो ताण येतो.

रिमवरचे ब्रेक किंचाळत असतील तर आधी ब्रेकच्या रबरात बघा. त्यात रुतलेले खडे आणि अ‍ॅल्युमिनियमचा कीस टाचणीने उकरून काढा, ते रिम खरवडत असतात. रबराचा पृष्ठभाग काचेसारखा गुळगुळीत झाला असेल तर पॉलिश पेपरने हलका घासा. चाक फिरतं त्या दिशेचं, म्हणजे पुढचं टोक, रिमला मिलिमीटरभर आधी टेकेल असं रबर बसवलं की बहुतेक वेळा आवाज थांबतो. रिमला किंवा डिस्कला तेलाचा हात लागू देऊ नका.

पंक्चर काढल्यावर दुसऱ्याच दिवशी पुन्हा हवा गेली, तर बहुतेकदा काटा टायरमध्येच राहिलेला असतो. ट्यूब काढताना व्हॉल्व्ह टायरवरच्या कोणत्या अक्षराशी होता हे लक्षात ठेवलं की छिद्रासमोरची टायरची जागा लगेच सापडते. आतून बोटं फिरवू नका, सुती कापड फिरवा. काटा असेल तिथे धागा अडकतो. शेजारी-शेजारी दोन छिद्रं दिसली तर काटा शोधू नका. कमी हवेत खड्ड्यावर रिमने ट्यूब चिमटली आहे, तेव्हा हवा टायरच्या कडेवर छापलेल्या आकड्याइतकी भरा.

ट्यूबला छिद्राभोवती पॉलिश पेपर मारा, पंक्चरच्या रबरी पट्टीपेक्षा थोड्या मोठ्या जागेवर सोल्यूशन पातळ पसरा आणि चार-पाच मिनिटं थांबा. त्याची चमक जाऊन ते बोटाच्या मागच्या बाजूला ओलं लागेनासं झालं की मगच पट्टी मधून कडांकडे दाबत बसवा. ओल्या सोल्यूशनवर बसवलेली पट्टी सुटते, कारण अडकलेल्या द्रावकाला बाहेर पडायला वाट राहत नाही.